मालगाडीच्या आठवणी कुणाच्या?

अलीकडे जुन्या रेल्वेच्या आठवणींना मोठा बहर आला आहे. वाफेचे इंजिन, त्याची शिट्टी, शेवटच्या डब्यात कंदील घेऊन उभा असलेला गार्ड, फाटकावर थांबून मालगाडीचे डबे मोजणारी पोरे, यावर पुरवण्यांतून रकानेच्या रकाने भरले जातात. विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला, सोलापूर-लातूरकडे बार्शी लाईट, म्हटले की लिहिणाऱ्यांचे डोळे पाणावतात. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या इंजिनाने शकुंतला १९९४ पर्यंत ओढली, ही गोष्ट कौतुकाचीच आहे. पण ती लाईन काही यवतमाळच्या माणसाला फिरायला नेण्यासाठी टाकलेली नव्हती. किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीला वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांत न्यायचा होता. माणसे बसली ती नंतर. मुळात ती मालाची गाडी.

या आठवणींच्या लेखांत इंजिन असते, डबे असतात, स्टेशनमास्तरची टोपी आणि चहाचा कप असतो. कापसाची गाठ डब्यात चढवणारी पाठ मात्र कुठे दिसत नाही. खडी फोडणारा, स्लीपर उचलणारा, इंजिनाखालची राख उपसणारा माणूसही दिसत नाही. तो कोण होता आणि तोच का होता, हा प्रश्न पांढरपेशा आठवणीला पडत नाही. म्हणून तो आम्ही विचारतो आहोत, आणि विचारतो आहोत तो नारायणगावातून, जिथे आजपर्यंत रेल्वेचा एक फूटही रूळ पडलेला नाही.

वाचक म्हणतील, रूळच नाही तर रेल्वेची आठवण कसली? आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावकुसाबाहेरच्या किती तरी घरांतून माणसे मुंबईला गेली. कुणी गिरणीत लागले, कुणी गोदीत, कुणी रेल्वेत. कल्याणचे यार्ड, वाडीबंदरचा मालधक्का, घाटातली गँग ही नावे आमच्या वस्त्यांत शेजारच्या गावांसारखी बोलली जात. सुट्टीवर आलेल्या माणसाच्या अंगावर खाकी सदरा असे, पेटीत पितळी बिल्ला असे आणि बोटांच्या पेरांत कितीही घासले तरी न निघणारा कोळसा असे. रेल्वे गावात आली नाही. गावातली माणसे रेल्वेकडे चालत गेली.

चालत हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरतो. नाणेघाट उतरला की मुरबाड आणि पुढे कल्याण. ही वाट आजची नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच घाटाने बैलांच्या पाठीवरून जुन्नरला चढत होता. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण लोक जकातीचा रांजण म्हणून दाखवतात. त्या व्यापाराच्या पैशातून जुन्नरच्या डोंगरांत दोनशेवर लेणी कोरली गेली आणि ती बौद्ध लेणी आहेत. त्यांत दान देणाऱ्यांची नावे वाचली तर धान्य विकणाऱ्यांची श्रेणी, कांस्यकाम करणाऱ्यांची श्रेणी, बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी अशी कष्टकऱ्यांच्या संघटनांची नोंद सापडते. बुरूडकाम करणाऱ्याचे नाव त्या काळी दगडावर सन्मानाने कोरले जात होते! पुढे लेण्याद्रीच्या विहारात गणपती बसला आणि बुरूड गावाबाहेर गेला. तो इतिहास या स्तंभाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. इथे मुद्दा एवढाच की माल वाहून नेणाऱ्या माणसाची नोंद ठेवणे अशक्य नव्हते. धम्माच्या काळात ती ठेवली गेली. इंग्रजांच्या आणि नंतरच्या काळात ती ठेवावी असे कुणाला वाटले नाही.

उदाहरण हवे तर बोरघाटाचे घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. त्यानंतर सात वर्षे, १८५६ ते १८६३, सह्याद्री फोडून खंडाळ्याचा घाट चढवण्यात आला. पंचवीस बोगदे आणि त्यांच्या मधले उंच पूल. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर माणसे तिथे एका वेळी राबत होती. पटकी, ताप, सुरुंगाचे स्फोट आणि कड्यावरून पडणे यांत सुमारे पंचवीस हजार माणसे मेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अंदाज म्हणायचे, कारण मजुरांची मोजदाद नीट झालीच नाही. इंजिनिअरांची आणि ठेकेदारांची नावे ग्रंथांत आहेत. आजही मावळाच्या पावसात धबधबे बघत घाट उतरणारा प्रवासी मोबाईलवर चित्रे काढतो. ज्या बोगद्यातून गाडी जाते तो कुणाच्या छातीवर आहे, हे त्याला सांगणारी पाटी आम्हाला तरी दिसलेली नाही.

मग त्या घाटातून मालगाड्या चालू लागल्या. १९२८-२९ च्या सुमारास इथे विजेवर चालणारे एक स्वित्झर्लंडच्या धाटणीचे इंजिन आले. दोन्ही बाजूंनी लांब नाक असलेले. जगात त्याला मगर म्हणतात. आपल्या रेल्वे कामगारांनी मात्र त्याला खेकडा म्हटले. तो खेकडा कण्हत कण्हत मालगाडी घाटावर ओढायचा. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्यातला एक रंग देऊन उभा करून ठेवला आहे. ज्यांनी त्याला नाव दिले ते कामगार त्या संग्रहालयात कुठे आहेत, हे विचारायला हरकत नसावी.

मालगाडी नावाची ही वस्तू चालत कशी होती, तेही सांगितले पाहिजे. आजच्या पिढीने ते पाहिलेले नाही. वाफेच्या इंजिनात कोळसा आपोआप जात नव्हता. फायरमन फावड्याने तो भट्टीत टाकायचा आणि त्याआधी शेडमध्ये पाट्या डोक्यावर घेऊन कुणी तरी तो इंजिनावर चढवायचा. फेरी संपली की इंजिन राखेच्या खड्ड्यावर उभे राहायचे. जळती राख खाली पडायची आणि ती उपसणारे खाली उतरायचे. यार्डात डबे जोडताना सांधेवाला दोन डब्यांच्या मध्ये उभा राहायचा. एक डबा धक्क्याने येऊन दुसऱ्यावर आदळायचा आणि त्या क्षणी साखळी हुकात घालायची. हात किंवा छाती मध्ये सापडली तर काय होते, ते वेगळे सांगायला नको. आणि या सगळ्यांच्याही खाली, रुळावर, गँगमन. खांद्यावर पहार, हातात बीटर. चैत्राच्या उन्हात तापलेला रूळ सरकवायचा, पावसाळ्यात खचलेली खडी ठोकून बसवायची. की-मन रोज आपल्या हद्दीतले मैल पायी तुडवायचा, निसटलेली चावी ठोकायचा, जवळ लाल झेंडा आणि धोक्याचे फटाके बाळगायचा. गाडीतल्या माणसाला तो खिडकीतून क्षणभर दिसायचा आणि मागे पडायचा. प्रवासी डब्यांचे संडास रुळावरच उघडे होते. ती घाणही याच माणसाच्या पायाखाली यायची. ती व्यवस्था बदलायला एकविसाव्या शतकाची पहिली दोन दशके लागली.

या कामांची वाटणी योगायोगाने झालेली नव्हती. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे सूत्र त्यांनी तिथे मांडले. ते वाक्य आपल्या सभांत रोज उच्चारले जाते. पण त्याच भाषणातला रेल्वेचा तपशील फार थोडे लोक सांगतात. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य संपवतो, त्याला बढतीची आशा नाही, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत. का? पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी घरगडी म्हणूनही राबावे लागते. स्टेशनमास्तर बहुधा वरच्या जातीचा असतो आणि त्याच्या घरात अस्पृश्याचा हात चालत नाही. म्हणजे सरकारी नोकरीतली एक जागा मास्तरच्या चुलीच्या सोवळ्याने ठरत होती! कारखान्यातले कौशल्याचे काम, कारकुनी, सगळीकडे हाच अडसर. आणि कामगारांच्या एकजुटीच्या गप्पा मारणारे पुढारी यावर गप्प. गिरण्यांतही हेच होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. वर्ग हा शब्द घोकणाऱ्यांना बाबासाहेबांनी त्या दिवशी वर्गाच्या आतली जात दाखवली.

स्टेशनमास्तरचा विषय निघालाच आहे तर मसूर आठवते. १९०१ साली साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघालेली ती लहान मुले. भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले. मसूर स्टेशनवर उतरली, नवे कपडे घालून. मास्तर प्रेमाने विचारपूस करत होता. महार असे उत्तर आले आणि त्याचा चेहरा बदलला, तो मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही हाकायला तयार होईनात. अखेर मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरले. रात्रभर पाणी मिळाले नाही. रेल्वे स्टेशनाच्या रम्य आठवणी लिहिणाऱ्यांनी मसूरचा फलाट एकदा त्या मुलाच्या उंचीवरून पाहावा.

इतके सगळे असूनही आमच्या लोकांचे रेल्वेवर प्रेम होते, हे लपवण्याचे कारण नाही. ते प्रेम खरे होते आणि त्याला कारण होते. गावात महारकी होती, बलुते होते, पाटलाच्या दारात जोहार होता. रेल्वेत महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार होता. मुकादम शिवी देई, पण हजेरीच्या पुस्तकात नाव लिहावे लागे. कोंदट का होईना, क्वार्टर होते. त्यात नळ होता, आणि तो नळ कुणाच्या बापाच्या मालकीचा नव्हता. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले आणि १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी साडेआठ टक्क्यांच्या आसपास जागा राखल्या गेल्या. पुढे घटनेने ते पक्के केले. त्या दारातून गँगमनचा मुलगा कारकून झाला, त्याची मुलगी शिक्षिका झाली. मालधक्क्यावर पोती उचलणाऱ्या बापाने पोराच्या हातात पुस्तक दिले. आणि रेल्वेचा पास! त्या पासावर सबंध कुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आले, सहा डिसेंबरला दादरला उतरले. वाफेच्या इंजिनाचा धूर सगळ्यांना सारखाच दिसला असेल, पण आमच्या घरांत त्याचा अर्थ पगार असा होता.

पुण्याला स्टेशनजवळ मालधक्का चौक आहे. नारायणगाव-मंचरची माणसे त्या चौकात जातात ती मालासाठी जात नाहीत. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन आहे, तिथल्या सभांना, परिषदांना जातात. हमालांच्या जागेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौकात बाबासाहेबांचे भवन असावे, ही आम्हाला फार उचित गोष्ट वाटते. असो.

ते दार आता किती उघडे आहे? १९५० च्या आसपास देशातल्या मालवाहतुकीचा पाऊणहून जास्त वाटा रेल्वेकडे होता. आज तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरला आहे. ऐंशीच्या दशकापासून रेल्वेने सुटा माल घेणे कमी कमी करत आणले. पूर्वी छोटा व्यापारी चार पोती, शेतकरी दहा पाट्या लहान स्टेशनच्या मालधक्क्यावर देऊ शकत होता. आता सबंध गाडी भरेल एवढा माल असेल तर बोला. कोळसा, सिमेंट, लोखंड, खत. लहान मालधक्के ओस पडले आणि तिथली हमाली गेली. जे मोठे मालधक्के उरले तिथे ठेकेदार आला. ठेकेदाराला आरक्षण लागू नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. २०१९ साली रेल्वेने सर्वात खालच्या श्रेणीच्या एक लाखाहून थोड्या अधिक जागा काढल्या, त्यांत ट्रॅकवरचे कामही होते. अर्ज आले एक कोटीच्या वर, आणि परीक्षा झाली २०२२ मध्ये. पदवीधर पोरे पहार उचलायला रांगेत तीन वर्षे उभी होती. गँगमनचे नाव आता ट्रॅक मेंटेनर झाले आहे. मरण तेच आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली रेल्वे सुरक्षेचा अहवाल दिला, त्यात आधीच्या चार वर्षांत कामावर मेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा आकडा सुमारे १,६०० होता. वाफेच्या इंजिनासाठी हळहळणाऱ्यांनी या आकड्यासाठी किती लेख लिहिले?

आता नारायणगावकडे येऊ. हे गाव मालाचेच आहे. इथला टोमॅटोचा बाजार देशभर माहीत आहे. जुन्नर-आंबेगावची द्राक्षे, कांदा, भाजीपाला पुणे-नाशिक रस्त्यावरून ट्रकने जातो. तमाशाची ही पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे गाव. फडाचा तंबू, पेट्या, दिवे आणि कलावंत, सगळे ट्रकमध्ये बसून सबंध महाराष्ट्र फिरले. पाडव्याला राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रेवाले सुपाऱ्या द्यायला येतात आणि फड पुन्हा ट्रकवर चढतो. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली तेव्हा मोठा गाजावाजा झाला, भाड्यात निम्मी सवलत दिली गेली. ती सवलत मार्च २०२२ अखेर बंद झाली. नारायणगावला तर तिचा आवाजही आला नाही. रूळच नव्हते.

रूळ येणार होते. पुणे-नाशिक २३५ किलोमीटरचा मार्ग आखला गेला. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशी नावे त्यावर होती. मोजणी झाली, भूसंपादन सुरू झाले. मग अडचण निघाली ती खोडदच्या महाकाय दुर्बिणीची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्राची ही जीएमआरटी, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकतात. विजेच्या गाडीमुळे होणारा गोंगाट त्यांना चालत नाही. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी दुर्बिणीच्या कारणाने मार्ग बदलावा लागेल असे सांगितले आणि शिर्डी-अहिल्यानगरकडून गाडी वळवण्याचा आराखडा पुढे आला.

आम्ही विज्ञानाचे शत्रू नाही. आमचा धम्मच तपासून घ्यायला सांगतो, आणि ती दुर्बीण आमच्या तालुक्याची शान आहे. पण यातला योगायोग ध्यानात घ्या. दुर्बिणीसाठी खोडद निवडले कारण हा मुलूख शांत होता. कारखाने नव्हते, मोठे शहर नव्हते, रेल्वे नव्हती. रेल्वे नव्हती म्हणून दुर्बीण आली आणि दुर्बीण आली म्हणून रेल्वे नाही. तबकड्यांपासून दूर अंतर ठेवून, मालापुरती का होईना, वाट काढता येते का, हे शास्त्रज्ञ आणि रेल्वेचे अभियंते एकत्र बसून लोकांसमोर सांगू शकतात. बागायतदार आपले म्हणणे आमदार-खासदारांमार्फत मांडतोच आहे. भूमिहीनाला विचारले कुणी?

विचारायचे दोन प्रश्न आहेत. पहिला जमिनीचा. या पट्ट्यात मोजणी झाली, नव्या मार्गावरही होईल. त्यात जिथे महार वतनाच्या जमिनी आहेत तिथे सातबाऱ्यावर नाव कुणाचे, कसणारा कोण आणि मोबदला कुणाच्या खात्यात जाणार? वतने रद्द होऊनही या जमिनींवर शर्ती राहिल्या. कागद न कळल्याने आमच्या लोकांच्या हातून त्या कशा निसटतात, हे २०२५ साली पुण्याजवळच्या मुंढव्याच्या प्रकरणाने सबंध महाराष्ट्राला दाखवले. म्हणून गावोगावच्या बुद्धविहारांतून तरुणांनी बसून वतनी जमिनींचे फेरफार उतारे आताच काढून ठेवावेत. नोटीस आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

दुसरा हमालाचा. रेल्वे येवो की न येवो, नारायणगावच्या बाजारात हंगामात माणसे टोमॅटोचे क्रेट ट्रकवर चढवतात. त्यांत आमची पोरे आहेत, आदिवासी पट्ट्यातून घाट चढून आलेली पोरे आहेत, परप्रांतातली आहेत. १९६९ सालचा माथाडी कायदा याच पाठीसाठी झाला. नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई, हे सगळे त्यात आहे. चळवळीच्या कार्यकर्त्यांनी एका हंगामात बाजाराच्या फाटकावर बसावे आणि क्रेट उचलणाऱ्या किती जणांकडे मंडळाचे ओळखपत्र आहे ते वहीत लिहून काढावे. ती वही आली की आम्ही ती याच स्तंभात छापू, नावागावासकट, ज्यांची परवानगी असेल त्यांची.